गाण्यांची चिठ्ठी कोण काढतं?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकर रस्त्याला उभं राहिलं, की इंजिनाच्या धडधडीच्याही वर गाणं ऐकू येतं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर स्पीकर, त्याच्या डब्यात खुपसलेला पेनड्राइव्ह, आणि त्यात तालुक्याच्या मोबाइल दुकानातून एकदाच भरून घेतलेली दोन-तीनशे गाणी. भीमगीतं, गजानन महाराजांची भजनं, लग्नातली लोकगीतं, नव्वदच्या दशकातली हिंदी, सगळं एकाच डब्यात. आणि चालकाची तक्रार ठरलेली असते: “शफलवर टाकलं तरी तेच गानं वाजून राह्यलं बॉ.”

हीच तक्रार पुण्यातला आयटीवाला महिन्याचे पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपबद्दल करतो. २००५ च्या सुरुवातीला स्टीव्हन लेव्ही या अमेरिकी पत्रकाराने ‘न्यूजवीक’मध्ये हाच संशय मांडला होता. त्याच्या आयपॉडला ‘स्टीली डॅन’ या बँडचा जरा जास्तच लळा आहे, असं त्याला वाटत होतं. आपल्याप्रमाणेच अनेकांच्या आयपॉडचे असे ‘आवडते’ आहेत, हेही त्याला वाचकांकडून कळलं. पुढच्याच वर्षी त्याने आयपॉडवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या वेगवेगळ्या प्रतींत प्रकरणांचा क्रमही उलटसुलट छापून घेतला.

तर शफल खरोखर यादृच्छिक असतं का? माझं उत्तर असं: ट्रॅक्टरवरच्या डब्यात ते अनेकदा गरिबीमुळे नसतं. महागड्या अ‍ॅपमध्ये ते मुद्दाम नसतं. आणि जे खरोखर यादृच्छिक असतं ते ऐकणाऱ्याला नको असतं.

आधी डब्याकडे पाहू. संगणकाच्या साध्या चिपला स्वतःहून ‘कुठलंही एक’ निवडता येत नाही. ती एका सूत्रात एक सुरुवातीचा आकडा घालते, त्यातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. बाहेरून पाहणाऱ्याला आकडे विस्कळीत दिसतात, पण सुरुवातीचा आकडा तोच असेल तर पुढची सगळी मालिका तीच येते. या सुरुवातीच्या आकड्याला तंत्रज्ञ ‘सीड’ म्हणतात. फोन तो घड्याळातून किंवा आपल्या हालचालींतून गोळा करतो. स्वस्त डब्याला घड्याळच नसतं. त्यामुळे काही प्लेअर बटण दाबलं की दर वेळी त्याच आकड्यापासून सुरू होतात आणि रोज सकाळी तोच ‘विस्कळीत’ क्रम वाजवतात. तपासायला सोपं आहे. डबा बंद करून चालू करा आणि शफलवरची पहिली पाच गाणी लिहून ठेवा. पुन्हा बंद-चालू करा. दोनशे गाण्यांतून तीच पाच, त्याच क्रमाने, निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ३० हजार कोटींत एक इतकी आहे. आली, तर दोष योगायोगाचा नाही, सीडचा आहे.

दुसरी भानगड याहून साधी. काही प्लेअर गाणी पिसतच नाहीत. प्रत्येक गाणं संपलं की ते पुन्हा सगळ्या दोनशे गाण्यांतून एक उचलतात. म्हणजे काढलेली चिठ्ठी परत पिशवीत टाकून पिशवी हलवतात. यात गैर काही नाही, हे अगदी शुद्ध यादृच्छिक आहे. पण असं केलं तर अवघी १७ गाणी वाजेपर्यंत एखादं तरी दुसऱ्यांदा वाजलेलं असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते. दोनशेतली सतराच, आणि तेवढ्यात पुनरावृत्ती! गणिताच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही, पण शेगावहून सोयाबीन घेऊन निघालेल्या माणसाला मात्र डबा बिघडलाय असंच वाटणार.

चिठ्ठी परत न टाकता, उरलेल्यांतूनच पुढची काढत जायची ही पिसण्याची खरी रीत. तिला ‘फिशर-येट्स’ म्हणतात, आणि तिचा जन्म संगीतात नव्हे, शेतात झाला. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये लंडनजवळच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात दाखल झाले. एका वाणाचं उत्पन्न जास्त आलं ते वाणामुळे की तो जमिनीचा तुकडाच कसदार होता म्हणून, हा तिथला प्रश्न. उत्तर असं निघालं, की कुठल्या तुकड्यात कुठला वाण पेरायचा हे संशोधकाने ठरवूच नये, चिठ्ठीवर सोडावं. त्यासाठी फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये तक्त्यांचं पुस्तक काढलं. त्यात कागद, पेन्सिल आणि यादृच्छिक आकडे घेऊन कुठलीही यादी पिसायची पद्धत दिली होती. १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकासाठी सुटसुटीत केली आणि डोनाल्ड क्नुथ यांच्या ग्रंथामुळे ती जगभर पोचली. आज जवळजवळ प्रत्येक म्युझिक अ‍ॅपच्या पोटात कुठे ना कुठे तीच बसलेली असते.

बुलडाण्याला हे घराणं परकं नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेल्या प्रत्येकाने तुकडे पाडून, चिठ्ठ्यांनी वाण वाटून प्रयोग केलेले आहेत. भारतातल्या कृषी पदवीधरांच्या पिढ्या ज्या पुस्तकावर ही संख्याशास्त्राची अक्षरओळख शिकल्या, ते १९५४ चं पुस्तक पानसे आणि सुखात्मे या दोघा मराठी माणसांचं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पानसे यांचं बरंचसं काम कापसावर होतं. फोनमधलं बाणांचं चिन्ह दाबताना आपण त्यांच्याच शेताच्या बांधावर उभे असतो, हे मला फार मजेशीर वाटतं.

रीत बरोबर असली तरी ती लिहिताना माणसं चुकतात. युरोपीय आयोगाच्या दबावामुळे २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोजमध्ये निरनिराळ्या ब्राउझरांची निवडपाटी दाखवावी लागली. कुणावर अन्याय नको म्हणून पहिल्या पाचांचा क्रम दर वेळी पिसला जायचा होता. पिसण्याचा कार्यक्रम घाईत लिहिला गेला, आणि त्यांचाच इंटरनेट एक्सप्लोरर जवळपास निम्म्या वेळा पाचव्या जागी येऊ लागला. खरं म्हणजे यायला हवा होता पाचातून एकदा. आणखी एक मर्यादा आहे, ती ऐकून तर विश्वासच बसत नाही. सीड ३२ बिटांचा असेल तर तो सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रम देऊ शकतो. तेरा गाण्यांचे सगळे शक्य क्रमच ६२२ कोटी होतात! म्हणजे तेराव्या गाण्यालाच पिशवी अपुरी पडली. शंभर गाण्यांच्या क्रमांची संख्या लिहायला १५८ अंक लागतात. गणित्याच्या कठोर मापाने त्यामुळे कुठलंही साधं शफल खरं नाहीच. पण हा दोष कानाला कधी कळणार नाही. जन्मभर ऐकलं तरी माणूस त्या ४२९ कोटींतले किती क्रम ऐकेल? या बाजूने अ‍ॅपवर खटला भरण्यात मला काही राम दिसत नाही.

खरी गोम कानात आहे. समजा, दहा गायक आहेत आणि प्रत्येकाची दहा, अशी शंभर गाणी. ती निर्दोष पिसली तर एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ किती ठिकाणी येतील? सरासरी नऊ. एकाच गायकाची तीन गाणी सलग कुठेतरी येण्याची शक्यताही जवळपास निम्मी आहे. हे पिसण्यातलं वैगुण्य नाही, पिसलेपणाचीच खूण आहे. ज्या यादीत शंभर गाण्यांमध्ये एकदाही गायक लागोपाठ आलेला नाही, ती कुणीतरी हाताने लावलेली आहे असं खुशाल समजावं. आपलं मन मात्र उलट चालतं. आनंद शिंदेंची तीन गाणी ओळीने आली, की यंत्र त्यांच्या बाजूचं झालं! गायक निवांतपणे अदलाबदलीने येत राहिले, की मग ते निष्पक्ष.

कंपन्यांनी वाद घातला नाही. जानेवारी २००५ मध्ये अ‍ॅपलने पडदाच नसलेला ‘आयपॉड शफल’ विकायला काढला आणि यदृच्छेचीच जाहिरात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्झ यांना ‘स्मार्ट शफल’ आणावं लागलं. त्याचा खुलासा करताना त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की लोकांना जास्त यादृच्छिक वाटावं म्हणून आम्ही ते कमी यादृच्छिक करतोय. स्पॉटिफाय आधी सरळ फिशर-येट्स वापरत असे. तक्रारींचा पाऊस पडल्यावर २०१४ मध्ये तिथले अभियंते लुकाश पोलाचेक यांनी नवी रीत जाहीर केली. मूळ कल्पना मार्टिन फीडलर यांच्या २००७ च्या लेखातली. एका गायकाची गाणी यादीभर साधारण सारख्या अंतरावर पसरायची, अंतरात थोडा कमी-जास्तपणा ठेवायचा, आणि असे सगळे गायक एकत्र विणायचे. आकाशवाणीवरचे कार्यक्रम लावणारे लोक यापेक्षा वेगळं काय करत होते? फर्माईशींचा ढीग कसाही येवो, एकाच आवाजाची गाणी पाठोपाठ लागू नयेत हे त्यांना कुणी सूत्र लिहून शिकवलं नव्हतं.

विखुरलेल्या गोष्टीत अर्थ शोधायची आपली खोड किती जुनी आहे, हे पाहायला याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला जावं. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर शेतात घट मांडतात. अठरा धान्यं वर्तुळात ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याने भरलेली घागर, पान-सुपारी, पापड, कुरडई. रात्रभर तिथे कुणी थांबत नाही. वारा, मुंग्या, किडे यांना मोकळं रान. पहाटे कुठलं धान्य किती हललं, ढेकूळ किती भिजलं हे पाहून वाघ घराण्यातले महाराज पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात, आणि दुपारपर्यंत ते वर्तमानपत्रांत पोचलेलं असतं. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा तिला जुना विरोध आहे. ज्वारीचे दाणे सरकण्याचा आणि बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्यांचा संबंध आहे असं मानायला मलाही काही आधार दिसत नाही. पण एक गोष्ट कबूल करावी लागते: रात्रीतून दाणे हलतात ते स्पॉटिफायच्या शफलपेक्षा कितीतरी जास्त यादृच्छिक असतं. तिथे सीड नाही, सूत्र नाही, ‘स्मार्ट’ काही नाही. आणि नेमकं त्याच विस्कटण्यात हजारो लोक अख्ख्या वर्षाचा बेत वाचतात. “आज फोनला माझं मन कळलं, हेच गाणं हवं होतं” असं म्हणणारी बहीण याच वाचनाची धाकटी पाती. न जुळलेली चाळीस गाणी विसरली जातात, जुळलेलं एक लक्षात राहतं.

मग कंपन्यांनी फसवणूक केली का? इथे मी बहुतेक तंत्रलेखकांशी सहमत नाही. ‘लोकांना संभाव्यता कळत नाही म्हणून यंत्राला खोटं बोलावं लागलं’ ही नेहमीची मांडणी मला अर्धवट वाटते, कारण खुद्द फिशरनेही निव्वळ चिठ्ठीवर काम भागवलं नव्हतं. शेताचा एक भाग पाणथळ असेल आणि चिठ्ठ्यांनी नेमका एकच वाण त्या भागात गोळा झाला, तर प्रयोगच वाया. म्हणून शेताचे आधी पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक वाण एकदा यायलाच हवा असा दंडक घालायचा, आणि पट्ट्याच्या आतला क्रम मात्र चिठ्ठीने ठरवायचा. कृषी महाविद्यालयातला मुलगा याला ‘आरबीडी’ म्हणतो, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन. स्पॉटिफायची २०१४ ची रीत यापेक्षा फार निराळी नाही. गायक म्हणजे वाण, यादीचा तुकडा म्हणजे पट्टा. ज्याने चिठ्ठीचा आग्रह धरला, त्यानेच तिला कुंपणही घातलं. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट तर चिठ्ठीच नको, वाण समतोल पद्धतीने ओळीत लावा म्हणत होते. १९३७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत दोघांचा हा वाद मिटला नाही.

तहसील कार्यालयातली सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजायला फिशर लागणार नाही. शाळकरी मुलगा किंवा मुलगी चिठ्ठी उचलते हे सगळ्यांना दिसतं. पण पिशवीत कुठल्या गावांची नावं टाकायची हे चक्रानुक्रमाने ठरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने फिरतात, आणि ज्या गावात एखादं आरक्षण होऊन गेलं ते गाव त्या फेरीत सहसा वगळलं जातं. निव्वळ चिठ्ठी काढली असती तर एखाद्या गावाला तीन वेळा तेच आरक्षण आलं असतं आणि गणित्याने त्याला हरकत घेतली नसती. गावाने मात्र ते ऐकून घेतलं नसतं. लोकांना तिथे पाळी हवी असते, आणि पाळीच्या आत कुणाचा हात नको असतो. शफलचं बटण दाबणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं.

निव्वळ यदृच्छा जिथे खरंच हवी, ती जागा वेगळी आहे, आणि तिथे तिच्यावर कुणाचा विश्वास नाही. पीक कापणी प्रयोग ही ती जागा. महसूल मंडळातलं गाव, त्यातला गट नंबर आणि त्या शेतातला नेमका तुकडा, हे सगळं यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचं असतं. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहून, आकडे सांगतील तितकं अंतर लांबीला आणि रुंदीला चालायचं, खुंटी ठोकायची, ठरल्या मापाचा चौकोन आखायचा आणि त्यातलंच पीक कापून, मळून, तोलायचं. १९४० च्या दशकात सुखात्मे आणि पानसे यांनी ही पद्धत देशभर रुजवली. त्याआधी पीक किती आणे आलं हे पाटील-पटवाऱ्याच्या नजरेवर ठरत असे. आज पीक विम्याची भरपाई मोठ्या प्रमाणात या काही मोजक्या चौकोनांच्या सरासरीला बांधलेली आहे. म्हणून “माझं सोयाबीन पार गेलं आन् प्रयोग बांधापलीकडच्या पिवळ्याधमक वावरात झाला” हे दर हंगामात ऐकू येतं. या तक्रारीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. चिठ्ठी प्रामाणिक असली तरी ती कधी ना कधी चांगल्या वावरात जाणारच, तो तिचा दोष नाही. पण रस्त्यापासून आत जायचा कंटाळा म्हणून कडेचाच तुकडा घेतला, तर ती यदृच्छा उरतच नाही, आणि तिथे तक्रार शंभर टक्के खरी. बारा गाण्यांच्या शफलमध्ये घोळ झाला तर एक गाणं चुकतं. इथे मंडळाची भरपाई चुकते.

क्रम मोडूच नये अशा गोष्टीही असतात, त्यांचं थोडक्यात. शेगावच्या वाटेवर गाडीत ‘श्री गजानन विजय’चे एकवीस अध्याय लावले आणि शफल चालू राहिलं, तर महाराज एकोणिसाव्या अध्यायात समाधी घेतात आणि पुढच्याच गाण्यात पहिल्या अध्यायातल्या त्या माघाच्या दिवशी शेगावात प्रकट होतात. ‘गीतरामायण’ची छप्पन गाणी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी आली. ती पिसली की रावणवध आधी आणि सीतास्वयंवर नंतर. नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका अडेल हिच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरून शफलचं ठळक बटण काढून तिथे साधं ‘प्ले’ ठेवलं. पेनड्राइव्हवर मात्र अध्यायांच्या नावापुढे ०१, ०२ असे आकडे घालून शफल बंद करणे, हाच उपाय.

२०२३ मध्ये स्पॉटिफायने ‘स्मार्ट शफल’ आणलं. नाव अ‍ॅपलचंच, काम वेगळं. ते तुमच्या यादीत तुम्ही न टाकलेली गाणीही मध्ये मध्ये घालतं. इथून पुढे यादृच्छिक की नाही हा प्रश्न मागे पडतो, कारण आता पिशवीत बाहेरून चिठ्ठ्या येत आहेत. त्या कुणाच्या आहेत हे विचारायला कारणही आहे. याच कंपनीने २०२० मध्ये ‘डिस्कव्हरी मोड’ सुरू केला. गाण्याचे हक्कदार कमी मानधन घ्यायला तयार असतील, तर ते गाणं रेडिओ आणि ऑटोप्लेमध्ये जास्त पुढे केलं जातं. हा मोड साध्या शफलला लागू नाही, पण ऐकणाऱ्याला यादी संपून ऑटोप्ले कुठे सुरू झाला हे कळतंच असं नाही. सरपंचाच्या सोडतीत निदान हरकत घ्यायला तहसीलदार समोर बसलेला असतो, चक्रानुक्रमाचा तक्ता मागता येतो. अ‍ॅपच्या शिफारशींचा तक्ता मागायला खिडकीच नाही. त्या मानाने मडगार्डवरचा चिनी डबा बरा. तो रोज तेच वाजवेल, पण त्यात एकही गाणं असं नसेल जे दुकानदाराला सांगून आपण भरून घेतलेलं नाही.